गोंधळ नव्हता तो

राज्याच्या विधानसभेत अध्यक्षांच्या आसनाखाली एक अर्धगोल टेबल होतं. त्या टेबलाशी बसून तिने तेवीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं टिपली. दहा मिनिटांची पाळी, मग खालच्या मजल्यावर जाऊन ते टाइप करायचं, पानावर सही ठोकायची आणि पुन्हा वर. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण चूक दिसली की टोचल्याशिवाय राहायची नाही. म्हणून कचेरीत सगळे तिला टाचणी म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि ती बिनदिक्कत ओ द्यायची.

एक गोष्ट मात्र तिने कचेरीत कुणाला सांगितली नव्हती. तिची आई डोंगरातली होती. शाळेत पोरं चिडवतील म्हणून आईनेच बजावलं होतं, "ही भाषा घराबाहेर काढू नकोस हं." तिने नाही काढली. आई गेली आणि घरातही ती भाषा बोलायला कुणी उरलं नाही.

त्या दिवशी सभागृहात पाण्याचा ठराव होता. डोंगरातल्या नद्यांवरचा राज्याचा अधिकार केंद्राच्या हाती सोपवायचा. राज्याच्या स्वतःच्या घटनेप्रमाणे अशा ठरावाला दोन तृतीयांश मतं लागत. मत आवाजी घेता येई. पण निकाल जाहीर व्हायच्या आत एका सदस्यानेही मोजणी मागितली, तर डोकी मोजण्यावाचून अध्यक्षांना सुटका नसे. सदस्याला आपल्या मातृभाषेत बोलायचा हक्कही त्याच घटनेने दिलेला. फक्त डोंगरी भाषेच्या दुभाष्याची खुर्ची वर्षभर रिकामी होती. माणूस मिळत नाही, असं प्रशासन म्हणे.

तिची पाळी लागली तेव्हा सभागृह तापलेलं होतं. अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. "होय"चा गलका झाला, "नाही"चाही काही कमी नव्हता. तेवढ्यात मागच्या बाकावरचे डोंगराकडचे म्हातारे सदस्य उभे राहिले. त्यांचा माइक बंद होता. हात वर करून ते आपल्या भाषेत ओरडले, एकदा, दोनदा, तीनदा. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग अध्यक्षांनी मान वळवली आणि म्हणाले, "ठराव आवश्यक बहुमताने संमत."

तिचं पेन थांबलं नव्हतं. लघुलिपी अक्षरांची नसते, आवाजाची असते. कानावर जे पडलं ते हाताने उतरवलं होतं. कानाला मात्र अर्थही कळला होता. म्हातारे म्हणत होते, "मतं मोजा! एकेक माणूस मोजा!"

खाली येऊन तिने टाइप केलं: 'एका सदस्याने निकालापूर्वी तीन वेळा मतमोजणीची मागणी केली.' सही केली, पान पाठवलं. वीस मिनिटांत सचिवांचं बोलावणं आलं.

"बसा बाई," सचिव म्हणाले. बसा म्हणाले तेव्हाच तिला कळलं की प्रकरण सरळ नाही. "हे काय लिहिलंय? ध्वनिमुद्रणात नुसता गलका आहे. तिथे कंसात 'गोंधळ' एवढंच हवं."

"गोंधळ नव्हता तो, साहेब. मागणी होती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला ती भाषा येते."

"हे तुमच्या सेवापुस्तकात कुठे आहे?"

"कुणी विचारलंच नाही. वर्षभर दुभाष्या शोधताय, तरी नाही विचारलं."

सचिवांनी चष्मा काढून पुसला. "बाई, सात महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. उद्या लोक म्हणतील, ही त्यांचीच बाई, म्हणून तिला हवं ते ऐकू आलं. कशाला हात पोळून घेता? नवं पान टाइप करा."

"सही नाही करणार मी."

तिची लघुलिपीची वही तिथेच मागून घेतली गेली. तिने पोच मागितली. सचिव हसले, पण वहीच्या क्रमांकासकट पोच दिली. त्या वळवळत्या रेघा कोण वाचणार आहे, असंच बहुधा त्यांना वाटलं असावं. छापील वृत्तांतात दोन दिवसांनी 'गोंधळ' आला आणि चौथ्या दिवशी तिची ग्रंथालयात बदली झाली.

नवरा शाळामास्तर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं मलाही नाही सांगितलंस की तुला ती भाषा अजून येते." राग होता की वाईट वाटलं होतं, ते तिला समजलं नाही. मग त्याने विचारलं, "तू नक्की ऐकलंस ना?" हा प्रश्न मात्र तिला लागला. कारण रात्रंदिवस ती स्वतःला तेच विचारत होती.

डोंगराकडचे ते म्हातारे सदस्य उच्च न्यायालयात गेले आणि तिला साक्षीचं समन्स आलं. ग्रंथालयात कुणी तिच्या टेबलाशी डबा घेऊन येईना. एकाने जाता जाता टोमणा मारला, "काय हो, आता आमच्याशी कुठल्या भाषेत बोलणार?"

न्यायालयात सरकारी वकिलाने तिला सोलून काढलं. "तुमची आई कुठली? मामाची जमीन त्यातल्याच एका नदीकाठी आहे ना? म्हणजे ठराव पडावा असं तुम्हाला वाटत होतं?"

"मला काय वाटतं ते लिहायची माझी नोकरी नव्हती," ती म्हणाली.

"पण अर्थ तर तुम्हीच लावलात! ही वही तुमच्याशिवाय कोण वाचणार?"

न्यायमूर्ती बाईंनी पोचीवरच्या क्रमांकाने विधानसभेतून मागवलेली सीलबंद वही उघडायला लावली. पानांवर क्रमांक होते, शिक्के होते, एकही पान बदललेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "ही लिपी जाणणारा, पण ती भाषा न जाणणारा कुणी आहे का?"

होता. शेजारच्या खुर्चीवर अठरा वर्षं बसलेला तिचा सहकारी. प्रत्येक पाळीआधी भलामोठा सुस्कारा सोडायचा म्हणून त्याला सगळे सुस्कारे म्हणत. वृत्तांत प्रमुखाच्या जागेसाठी त्याचंच नाव पुढे होतं, आणि ती बढती सचिवांच्या हातात होती. बदलीनंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

दुपारी तो पिंजऱ्यात उभा राहिला. वही हातात घेतली. पानं उलटत त्या दिवसाचं पान काढलं. वाचता येत नाही एवढं म्हणाला असता, तरी त्याला कुणी दोष दिला नसता. तिने मान खाली घातली.

मग त्याने सुस्कारा सोडला आणि वाचायला लागला. आधी ठराव मताला टाकणारं अध्यक्षांचं वाक्य, सरळ. मग ते डोंगरी आवाज, अडखळत, चुकीच्या जागी तोडत, लहान मूल वाचतं तसे. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. पण मागच्या बाकांवर डोंगरातून आलेली माणसं बसली होती. त्यांच्यातून एक कुजबुज उठली. तिसऱ्यांदा त्याने ते वाचलं तेव्हा न्यायालयाने बोलावलेली दुभाषी उभी राहून म्हणाली, "मतं मोजा. एकेक माणूस मोजा, असं म्हणतायत."

"आणि त्यानंतर काय लिहिलंय?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"त्यानंतर," सुस्कारे म्हणाला, "ठराव आवश्यक बहुमताने संमत."

निकाल तीन आठवड्यांनी लागला: मतदान रद्द, पुन्हा मोजून घ्या.

फेरमतदानाच्या दिवशी तिला वर सभागृहात जायची परवानगी नव्हती. ग्रंथालयातल्या स्पीकरवर ती ऐकत बसली. नावं पुकारली जात होती, एकेक उत्तर येत होतं. शेवटी अध्यक्षांनी आकडा सांगितला. दोन तृतीयांशाला तीन मतं कमी पडली.

पुढे सरकारने ठराव बदलून पुन्हा आणला. डोंगरी जिल्ह्यांची संमती लागेल असं कलम त्यात आलं आणि त्यावरून भांडण आणखी वर्षभर चाललं. सुस्कारेची बढती गेली. तिची बदली काही रद्द झाली नाही, ग्रंथालयातूनच ती निवृत्त झाली. निरोपसमारंभाला सात जण आले. सुस्कारे भाषण करायला उठला, दोन वाक्यं बोलला, भलामोठा सुस्कारा सोडला आणि खाली बसला. मग तिनेच उठून त्याला पाणी दिलं.