हिरवळीची परवानगी

"बसू का?"

आमच्या घरी आले की सोफ्यासमोर उभे राहून काका हे विचारायचे. मी "बसा की" म्हणेपर्यंत उभेच. लिफ्टमध्ये शेजारची चिनी आजी असली की बाहेरूनच, "कम इन, कॅन?" ती वैतागून "कॅन, कॅन" म्हणेपर्यंत दार मिटायला लागायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखी वावरतात.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत ते समुद्राकाठच्या पासिर रिस या उपनगरात आमच्या ब्लॉकमध्ये भाड्यानं राहायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, काकू नुकत्याच गेलेल्या, मुलगी सिडनीला. सामानात एक मेटल डिटेक्टर होता. एवढ्या सरळ माणसाला हे काय खूळ, म्हणून मी विचारलं.

"हिचं जोडवं हरवलंय," ते म्हणाले.

आजारपणात काकूंची बोटं बारीक झाली होती. संध्याकाळी त्या अनवाणी चालायच्या, कधी समुद्रावरच्या पार्कात, कधी समोरच्या कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, हिरवळीवर. तेव्हा ते दोघं त्याच कॉन्डोत राहत. शेवटी पायांना हळदकुंकू लावताना लक्षात आलं, एका पायात जोडवं नाही. सवाष्ण बाई एकाच जोडव्यानिशी गेली, हे काकांच्या जिवाला फार लागलं होतं.

यंत्र होतं, पण "आधी विचारायचं". पार्कच्या ऑफिसात खेटे घालून त्यांनी परवानगी मिळवली. वाळूवर वरवर फिरवा, खणायचं नाही. मी सोबत जायचो. यंत्र वाजलं की काका वाकून बोटांनी वाळू बाजूला करायचे. बाटलीचं झाकण निघायचं. ते नीट पुसून खिशात टाकायचे आणि मी समुद्राकडे बघत राहायचो.

कॉन्डोची जागा खासगी. दर रविवारी गेटवरच्या मलय गार्डला विचारणं ठरलेलं.

"मॅनेजमेंट नो रिप्लाय येट लाह, अंकल."

"नेव्हर माइंड. नेक्स्ट संडे," म्हणत काका खुशीत परतायचे आणि हॉकर सेंटरवरच्या खाण्याच्या टपरीत मला कॉफी पाजायचे. आठवड्यात तेवढंच काय ते त्यांचं बोलणं व्हायचं.

एकदा मी म्हणालो, "कुंपण बुटकं आहे काका. पहाटे जाऊ. कोण बघतंय?"

"ती बघेल ना. न विचारता कुणाच्या फुलालाही हात लावायची नाही ती."

अखेर एका रविवारी गार्ड हसत म्हणाला, "कॅन, अंकल. टुडे कॅन."

काकांनी चपला काढल्या. पट्टा पट्टा करत सगळी हिरवळ पालथी घातली. यंत्र एकदाही वाजलं नाही. टोकाला चाफ्याखालचा कोपरा तेवढा उरला, तिथे त्यांनी यंत्र बंद केलं.

"काका, एवढंच तर राहिलंय."

"राहू दे," ते म्हणाले. "इथंही नसलं, तर मग मी कुठं शोधू?"

त्या दिवशी कॉफी मी पाजली.

पुढे मुलीनं त्यांना सिडनीला नेलं. यंत्र माझ्याकडे ठेवून गेले. ते तिथेच वारल्याचा फोन आला, त्या संध्याकाळी यंत्र घरीच ठेवून मी गेटवर गेलो आणि गार्डला विचारलं, त्या चाफ्याखाली जरा बसू का?

"कॅन," तो म्हणाला.

मी चपला काढल्या. हिरवळ ओलांडून गेलो आणि तो कोपरा सोडून, थोडा अलीकडेच बसलो.