वर्गातली सून

समाजकार्याच्या कॉलेजात गृहभेटीचा सराव वर्गातच व्हायचा. दोन बाकं म्हणजे घर. मैत्रीण गरोदर सून झाली, एक वर्गमित्र पदर घेऊन सासू. मॅडमचं पहिलं कलम: बाईशी एकांतात बोला. मी सासूला बाहेर जायला सांगितलं, गेली बिचारी. सून वेळेवर रडली, दवाखान्यात यायला तयार झाली. सगळ्यांत जास्त मार्क मला.

पंधरा दिवसांनी ब्रह्मपुरीहून जीपनं तलावाकाठच्या ढिवरांच्या, मासेमारांच्या गावी गेले. तिथली सून खरी होती. सिकलसेलचा रक्ताचा आजार, सातवा महिना, ओठ पांढरे. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी बजावलं होतं, हिचं बाळंतपण घरी झालं तर जिवावर बेतेल. नववा लागायच्या आत भरती करायचीच. सासूचा होकार मिळवायला मी गेले होते.

सासू ओसरीत जाळं विणत होती, सून झिंगे निवडत होती.

"बस नं बाई," म्हणत सासूनं झिंगे निवडायचं सूप माझ्याकडे सरकवलं. त्या गावात बाया हात चालवतच बोलतात. सूप सरकवलं म्हणजे 'निवडता निवडता बोल, ऐकून राह्यलो'. हे नंतर आशाताईंनी सांगितलं. तेव्हा मी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर जाता का? मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

सासूचे हात थांबले. "काऊन? माह्याच घरातून मले काढून राह्यली? असं काय सांगतं इले?"

"गोपनीयता असते, आजी."

"ते काय असते व?"

कुंपणापलीकडून शेजारीण हसली, "माहेरी पळवाले आली असन!"

सून उठून आत गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे तीनदा गेले. "घरी नाई" एवढंच ऐकलं. माझ्यापायी आशाताईंनाही दार बंद झालं. बाळंतपण घरीच झालं. बाळ गेलं, दोन दिवसांनी तीही गेली.

रस्ता नाही, रक्त नाही, डॉक्टर नाही म्हणून बाया मरतात, अशी पत्रकं मी किती लिहिली. सगळी खरी आहेत. पण तिच्यासाठी दवाखान्यात खाट होती, गाडी होती, वेळही होता. हे कुठल्या पत्रकात लिहू?

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहून दे. पुढच्या बॅचला सरावाला घेऊ."

"शेवट काय लिहू?"

"शेवट नको. तो मुलांवर सोडू."

तरीही मी लिहिलं, 'बाळ आणि आई, दोघंही गेली', आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.