बहिरी पाखरं आणि याडीचा ढावलो

प्रयोगशाळेत मी पाखरांना बहिरं करत असे. ऐकायला बरं वाटत नाही, पण पीएच.डी.साठी माझं काम तेच होतं. पाखरू परदेशी, आपल्याकडच्या मुनियेएवढं, लाल चोचीचं. त्यातला नर लहानपणी बापाचं गाणं नुसतं ऐकतो आणि पुढे स्वतःशी पुटपुटत ते जुळवत नेतो. कानात शिरलेला आवाज टप्प्याटप्प्याने अग्रमेंदूत पोचतो. तिथून तो गाण्याच्या केंद्राकडे कोणत्या वाटेने जातो, हे शोधायला आम्ही मेंदूत चमकणारा रंग सोडायचो, नंतर मेंदूचे काप करून मायक्रोस्कोपखाली बघायचो. मादी गात नाही. बापाचं गाणं ती नेमकं ओळखते, पण गायला लावणारे धागे तिच्या मेंदूत धड वाढतच नाहीत.

वाढलेल्या नराचा कान गेला तरी तो गातच राहतो. आठवडे उलटतात तसं त्याच्या गाण्याचं आलेखावरचं चित्र विस्कटत जातं. आधी एखादा सूर पुसट होतो, मग दोन सूर एकमेकांत मिसळतात. पाखरू मात्र पूर्वीच्याच ऐटीत छाती फुगवून गातं. मी ते आलेख तारीखवार लावून ठेवायचे आणि मार्गदर्शक मला शाबासकी द्यायचे.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा बोरी अरब गावाच्या पलीकडे. बोंडअळीने कापसाचा एक हंगाम नेला, पडलेल्या भावाने दुसरा, आणि आमची याडी, म्हणजे आई, जिनिंगमध्ये मजुरीला जायला लागली. सरकी वेगळी करणाऱ्या मशीनच्या ओळीत ती दिवसभर उभी असायची. तिथे आवाज इतका, की शेजारच्या बाईशी हाताच्या खुणांनी बोलावं लागे. मी एकदा तिला कानात कापसाचे बोळे घालायला सांगितलं. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, पण तिथल्या बायांत राहून तिच्या तोंडी, आणि तिच्यामुळे आमच्याही, वऱ्हाडीच बसली होती. ती म्हणाली, "कानात कापूस घातला तं मुकादमाचं ऐकू कसं येईन वं?" मी हसले. विषय तिथेच संपला.

पुढे ती फोनवर ओरडून बोलायला लागली. प्रयोगशाळेत शांतता लागते, म्हणून मी तिच्यावर चिडायचे. "याडी, काहून ओरडून राह्यली? मले येते ऐकू." मला येत होतं, हे खरंच. मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिचा फोन आला.

"याडीले काही ऐकू येत नाही आता," ती म्हणाली. "तू पाखरायचे कान पाह्यतं ना? एखाद दिवस आपल्या मायचेही पाह्य."

"मळ असन. तेल घाल कोमट करून," मी म्हणाले.

कानावर पीएच.डी. करणाऱ्या बाईने तेल घाल म्हणून सांगितलं. सुट्टी मागायचं माझ्या जिवावर आलं होतं, एवढंच त्याचं कारण. त्याची लाज मला अजून वाटते.

आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून गाण्यात रडते. त्याला ढावलो म्हणतात. तो आधी महिनोन् महिने शिकावा लागतो आणि प्रत्येक घरची चाल थोडी वेगळी असते. आमच्या घरची चाल आजीकडून याडीकडे आली होती. ती बहिणीला नीट द्यायची, हा एकच ध्यास याडीने त्या हिवाळ्यात घेतला होता. जिनिंगमधून आली की केसांतला कापूस झटकायची आणि बहिणीला समोर बसवायची.

मी लग्नाच्या आदल्या दिवशी पोचले. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप दारात लागली, बहीण याडीच्या गळ्यात पडली आणि तिने ढावलो सुरू केला. पहिल्या ओळीपासूनच चाल चुकत होती. ओळीच्या शेवटी जिथे सूर चढून थांबायचा तिथे तो खाली बसत होता. जिथे श्वास घ्यायचा तिथे शब्द एकमेकांत कोंबले होते. तिचा आवाज गोड होता, शब्द सगळे बरोबर होते. याडीने जसं शिकवलं तसंच ती तंतोतंत म्हणत होती. बहिऱ्या पाखरांची असली चित्रं मी तारीखवार लावून ठेवलेली होती.

माझ्या मागे काकी कुजबुजली, "हे कोन्ती चाल म्हनाव? इच्या आजीची तं नोहे." बाकीच्या बाया खाली बघत राहिल्या. याडी बहिणीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि तिचे ओठ सोबत हलत होते.

जीप गेल्यावर मांडवात आम्ही दोघीच उरलो. याडीने माझा हात धरला.

"बराबर म्हनली ना थे?"

मी मान हलवली. तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मंग तूही शिकून घे. तुह्या लग्नाले मी राह्यतो का नाही राह्यत."

तेव्हा माझ्या मनात आलं की खरी चाल माझ्याकडे आहे. लहानपणी याडी दुसऱ्यांच्या पोरींना शिकवायची तेव्हा मी शेजारी बसून ऐकलेली. आता ती दुसरीकडे कुठेच ठेवलेली नव्हती. पाखरांच्या गाण्यांनी माझं एक कपाट भरलं होतं, पण याडीचा ढावलो रेकॉर्ड करायचं मला कधी सुचलं नाही. निदान एकदा तरी तो नीट म्हणावा म्हणून मी तोंड उघडलं. बहिणीची प्रत्येक चूक मी ओळखली होती, तरी माझ्या तोंडून त्याच चुका निघाल्या. पुन्हा सुरुवात केली, आणि सूर त्याच जागी खाली बसला. मी तिसऱ्यांदाही म्हणून पाहिलं.

याडी माझ्या ओठांकडे बघत होती. मी थांबले तशी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मांडवाबाहेर जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बराबर."