बाई, भार किती?

फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्यावरचा पूल फ्राउक्याने अर्धं आयुष्य सांभाळला. नाव आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा, नावाड्याला हात करायचा. आता तिच्याकडे सहा पूल आहेत आणि ती बसते शहरातल्या एका खोलीत, पडद्यांसमोर. येणारी नाव यंत्र ओळखतं, फाटकंही यंत्रच पाडतं. तिला फक्त विचारतं, "पुलावर कुणी नाही ना?" ती बटण दाबते. याला म्हणे नोकरी. नुसती खुर्ची उबवायची.

शेजारी वीत्स्के, आणखी सहा पूल घेऊन. विद्यापीठातल्या योरितने दोघींच्या मनगटांना नाडी मोजणारे पट्टे बांधले होते आणि डोळ्यांवर कॅमेरा रोखला होता. यंत्राशी काम वाटून घेतलं की माणसावर किती भार उरतो, याचं गणित तो मांडत होता. भार कमी निघाला, तर बाराही पूल फ्राउक्याकडे आणि वीत्स्के घरी. हे तिघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे कॉफीबरोबरचा साखरपाव कुणाला गोड लागेना.

"बाई, भार किती? एक ते वीस," योरित मधूनमधून विचारी.

"तीन." फ्राउक्याला खोटं बोलणं जमत नसे.

"अगं, निदान दहा तरी सांग," वीत्स्के पुटपुटे. "माझ्या पोटावर पाय देतेस."

दुपारचं ऊन खोलीत आलं आणि सगळ्या पडद्यांवरचं पाणी एकात एक मिसळलं. फ्राउक्या लांबलचक नावेत आडवी झाली होती. काठचं गवत मागे सरकत होतं, वडील सुकाणू धरून गुणगुणत होते. दुरून कुणीतरी विचारलं, कुणी नाही ना? नाही, ती म्हणाली आणि बोट आपोआप बटणावर टेकलं. किती सुख होतं त्या पाण्यात.

वीत्स्के तिच्या अंगावरून झेपावली आणि तिने पूल थांबवायच्या लाल बटणावर हात मारला. पूल जेमतेम हलून थांबला. त्यावर एक म्हातारा सायकल टेकवून बदकं बघत उभा होता. पूल परत बसला, फाटक उघडलं, तसा तो टोपी सावरत निघून गेला.



"नाडी शांत, डोळे उघडे," योरित रेघा बघत चक्रावून म्हणाला. "दिवसभरातला सगळ्यात हलका क्षण हाच दिसतोय. आकडा, बाई?"

खरं सांगितलं तर वीत्स्केच्या आधी आपलीच खुर्ची जाणार, हे तिला कळत होतं.

"बटण मीच दाबलं," ती म्हणाली, "पण मी इथे नव्हतेच रे."

"म्हणजे भार काहीच नव्हता?"

"नाही. जागं राहायचाच भार होता. तो मला पेलला नाही."