बेडकीचा पाला आणि तीन पेढे

एका जिभेविषयी मी आज जनतेसमोर अत्यंत गंभीर निवेदन करीत आहे. कृपया कोणी हसू नये.

नव्वद सालच्या आसपास जळगाव-धुळे एसटीत एक आबा माझ्या शेजारी बसले होते. नाव मला आजही माहीत नाही. मांडीवर पत्र्याची डबी, डबीत बेडकीच्या पाल्याची भुकटी. आमच्याकडे जुनी माणसं साखरेच्या आजारावर ती चिमूटभर घेतात. जिभेवर तिची चव असेपर्यंत गूळसुद्धा मातीसारखा लागतो. आबांनी मात्र डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तशी चमचाभर तोंडात टाकली.

"डाक्टरनी गोयी बी लिधी, हाई बी लिधी," ते ऐटीत म्हणाले. म्हणजे डॉक्टरची गोळीही घेतली होती आणि वर ही भुकटीही. "आते साखर कशी र्‍हास तेच देखस!"

"आणि जेवलात का?"

"जेवाले येळ कोठे व्हता?"

पारोळ्याच्या अलीकडे आबांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले. मी घाबरून हाका मारायला लागलो. पुढच्या बाकावर एक अक्का नातवाच्या जन्माचे पेढे घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वळून एकदाच पाहिलं.

"साखर उतरनी यासनी! दोन्ही औषधं एकदम, ते बी उपाशीपोटी लेतस का कोनी?"

त्यांनी खोका फोडला आणि आबांना एकामागून एक तीन पेढे चारले. अख्खी बस माना वळवून बघत होती. हळूहळू आबांचे हात स्थिर झाले. त्यांनी घाम पुसला, तोंड वाकडं केलं आणि ते कळवळून ओरडले,

"अक्का, पेढावाला तुमले फसाडी गया! यामा साखरच नही!"