बापूंचा गट आणि वसंताचे पिवळे कलिंगड

किस्से जमवावे लागत नाहीत. चार निवृत्त माणसे एकत्र आली आणि प्रत्येकाच्या हातात भ्रमणध्वनी असला, की पावसाळी परसात टाकळा उगवावा तसे ते आपोआप उगवतात. आचऱ्यापासून फार दूर नसलेल्या आमच्या गावात वाचनालयाचा एक व्हॉट्सॲप गट आहे. नव्या पुस्तकांची वार्ता सभासदांना कळावी, हा त्याचा मूळ हेतू. ॲडमिन बापू सावंत, निवृत्त पोस्टमास्तर. तिथे अलीकडे पुस्तकाचे नाव आलेले मला आठवत नाही. पण जनुकीय बदल केलेल्या अन्नावर कोणत्याही विद्यापीठाने प्रश्न विचारावा, आमचा गट तत्काळ उत्तर देईल. ते बरोबर असेलच, असे नव्हे!

*

भाताची कापणी उरकली की वसंता परब मळ्यात कलिंगड लावतो. यंदा त्याने पिवळ्या गराचे लावले. बियाणे संकरित, दुकानातून रीतसर आणलेले. तोंडवलीच्या रस्त्याला त्याने आणि त्याच्या बायकोने, सुमनने, विक्रीसाठी मांडव घातला. एका पर्यटकाने तिथे फोड कापतानाची चित्रफीत काढली. मागे भयपटाला शोभेल असे संगीत, वर लाल अक्षरांत प्रश्न: "हे फळ की प्रयोगशाळा?"

फिरत फिरत ती बापूंकडे आली. बापूंनी स्वतःची एक ओळ जोडून ती गटात सोडली: "सावधान! जीएम कलिंगड आपल्या दारात!"

दुसऱ्या दिवशी मांडवाकडे गावातले कोणी फिरकले नाही. मळ्यात फळ तयार होते, आणि तयार झालेले कलिंगड कोणासाठी थांबत नाही.

*

मी बापूंना वाचनालयाच्या पायरीवरच गाठले. "बापू, जीएम म्हणजे नेमके काय?"

"मास्तर, ता काय माका ठाऊक नाय," बापू निर्मळ मनाने म्हणाले. "पण वायट आसा, ह्यां पक्क्यां!"

जनुकीय बदलाविषयी शंका घेणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो मी कोणाला हिरावू देणार नाही. परंतु ज्याविषयी शंका घ्यायची, ती वस्तू समोर तरी असावी! दोन जातींचा संकर वेगळा, जनुकात केलेला फेरफार वेगळा. हे मी गटात सविस्तर, सात परिच्छेदांत लिहिले. खाली बापूंचा अभिप्राय आला: "उत्तम माहिती. सर्वांनी सावध राहावे."

*

त्याच आठवड्यात बापूंच्या अंगणात बसलो होतो. बापू रंगात आले होते. "माणसान झाडामाडात हात घालूचोच नाय! देवान दिल्यान तसाच खावचा!"

वहिनी चहा घेऊन आल्या. आमच्या डोक्यावर बापूंच्या हापूसचे कलम होते, आणि ते बापूंनी उमेदीत स्वतःच्या हाताने बांधलेले. वहिनींनी कप ठेवला, वर पाहिले आणि विचारले, "मगे ह्यां कलम काय देव येवन बांधून गेलो?"

बापू चहात साखर ढवळू लागले. चहात साखर आधीच विरघळलेली होती.

*

चित्रफीत मुंबईला जाऊन परत आली, तीही सुमनच्याच घरात! तिचा मुलगा मुंबईत नोकरीला. त्याचा फोन आला. "आये, तोंडवलीच्या रस्त्यार कोण तरी भायरची माणसां विषारी कलिंगडां इकतत. व्हिडिओ बघलंय. तू घेव नको हां!"

"अरे मेल्या," सुमन म्हणाली, "ती कलिंगडां तुझ्या बापाशीची! आणि चित्रात दिसता तो हात माझो!"

पलीकडून मग हळूच प्रश्न आला: "मगे तू नीट आसंस मां?"

*

मी गप्प बसणारा नव्हे. मांडवासाठी एक फलक स्वतः रंगवला: "येथील कलिंगड जनुकीय बदल केलेले नाही." वाक्य निर्दोष होते.

तोवर ज्यांनी चित्रफीत पाहिली नव्हती, ते पर्यटक गाडी थांबवत. आता तेही फलक वाचत, एकमेकांकडे पाहत, भ्रमणध्वनी काढून काहीतरी शोधत आणि पुढे निघून जात.

संध्याकाळी सुमनने फलक काढून मांडवामागे ठेवला. "मास्तरांनू, तुमचा अक्षर बरा आसा. पण आता नको!"

वसंता त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. "आणखी आठ दिवस असाच ऱ्हवला तर सगळी गुरांका घालूची लागतली."

*

अखेर वसंताने चांगली मोठी फळे निवडली आणि ग्रामदेवतेला वाहायला आणली. देवळात गाव जमले होते. अशा वेळी मानकरी जयरामतात्या गाऱ्हाणे घालतात, म्हणजे माणसाची मागणी त्याच्या वतीने देवापुढे मांडतात. तात्या दर वाक्याला थांबतात, आणि सारे गाव एका आवाजात होकार भरते. लहानपणापासूनची सवय. जीभ आधी उठते, कान मागाहून.

तात्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो वसंतो आपल्या मळ्यातला फळ घेवन तुझ्या पायाकडे इलो आसा, तेचो मान करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या कष्टाक कोणाची दिष्ट लागली आसात, ती भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"आणि जेणा ह्यो व्हिडिओ गावात पयलो फिरवल्यान, तेणाच आज सगळ्यांसमोर पयली फोड खावची, आणि कशी लागली ती त्याच ग्रुपार सांगूची, असो तुझो हुकूम होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सभामंडप दणाणला. सर्वांत मोठा आवाज बापूंचा होता.