चीड

गायकवाडसाहेब आले, की आधी खिशातून चिडाचा, म्हणजे हिमालयातल्या पाइनचा, वाळका शंकू काढून माझ्या टेबलावर ठेवत. त्याच्या पाकळ्या उघड्या असल्या तर हवा कोरडी, मिटलेल्या असल्या तर दमट. वेधशाळेपेक्षा त्यांचा त्याच्यावर जास्त विश्वास. सगळी नोकरी हिमालयाच्या जंगलांत काढून ते खडकीला राहायला आले होते आणि माझ्या वाघोलीच्या नर्सरीत दर शनिवारी हजर असत.

मी तेव्हा कुणावर तरी खेकसत असायचोच. ते म्हणत, "शेठ, चीड दोन ठिकाणी असते. हिमालयाच्या उतारावर आणि तुमच्या नाकावर. दोन्हीकडे आग लागून गेली, की नव्याने उगवते." मग समजावून सांगत : वणव्यात खाली पडलेल्या सुयांचा थर जळतो, बी उघड्या मातीला टेकतं आणि रुजतं.

त्यांच्याच नादाने मी डेहराडूनहून बी आणून चिडाची तीनशे रोपं वाढवली होती. दोन उन्हाळे सांभाळली. आता मुळं पिशवीत मावेनात; लवकर जमिनीत गेली नसती तर संपलीच असती. त्याच सुमारास खराडीला आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एका कंपनीचा जोगळेकर नावाचा तरुण मॅनेजर आला. कँटीनमागच्या टेकाडावर त्याला मनाली हवी होती. तासभर घासाघीस करून मी तीनशेच्या तीनशे त्याच्या गळ्यात मारत आणली होती.

इतक्यात शेजारी चहा पीत बसलेल्या साहेबांनी कप खाली ठेवला. "तीनशे? मग टेकाड कुठे ठेवणार?"

"सर, आम्हाला डेन्स लुक हवाय."

"अहो, आईच्या बुडाशी चिडाचं पोर वाढत नाही, त्याला ऊन लागतं. म्हणून तर बीला पंख असतो. तोडणीच्या वेळी आम्ही उतारावर मोजकी आईझाडं राखायचो, पुढचं वारा बघायचा. तुम्ही चाळीस लावा."

"मग बाकीचं जंगल आपोआप येईल?"

"पुण्यात? छे! पण चाळीस जगतील तरी."

जोगळेकरने चाळीसच घेतली. तो जाताच मी कडाडलो, "साहेब, तुम्ही माझ्या बाजूचे की झाडांच्या?"

"उताराच्या," म्हणाले आणि उरलेला चहा संपवला. तोही माझाच.

उरलेली रोपं खपवायला मी गावभर हिंडलो. साहेब स्कूटरवर मागे बसून यायचे आणि जागा पाहून "इथे नको" म्हणायचे. दोन गिऱ्हाइकं त्यांनी अशीच घालवली. बरीच रोपं मेली. ते मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि त्यांनीही कधी माफी मागितली नाही.

साहेब जाऊन वर्ष झालं असेल. वारज्याच्या एका सोसायटीचे चेअरमन आले. कुंपणालगत खेटून साठ चीड हवे होते. पैसेही रोख. मी पावतीपुस्तक उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, "साठ कशाला? दहा पुरेत. ऊन लागतं त्यांना."

"अहो, तुम्ही विकायला बसलात की शिकवायला?"

मला भयंकर राग आला. चेअरमनचा नाही, गायकवाडसाहेबांचा. पावती मात्र दहाचीच फाडली.